डोलकाठीखालचं लाकूड

त्याला सगळे ठोक्या म्हणत. आईबापानं चांगलं नाव ठेवलं होतं, पण ते शाळा सुटली तेव्हाच सुटलं. लाकूड दिसलं की हा ठोकणार. कुणाच्या घरी गेला तर आधी दाराच्या चौकटीवर बोटाची पेरं वाजवायचा, कान द्यायचा आणि मग आत पाय टाकायचा. दवाखान्यात डॉक्टरनं एकदा त्याची पाठ ठोकून बघितली तर म्हणाला, "डावीकडं परत एकदा मारा, तिथला आवाज मला काही बरा वाटला नाही."

धंदा बोटींच्या सुतारकामाचा. खाडीच्या काठाला पत्र्याची लांबट शेड. एका टोकाला पाण्यात उतरणारा दगडी उतार, दुसऱ्या टोकाला बायकोनं मांडलेला चहाचा स्टोव्ह. मधे भुश्शाचे ढीग, करवती, रंधे, पटाशा आणि कायम एखादी बोट, पालथी पाडलेली नाहीतर टेकूंवर उभी. लाकडी बोटी कमी होत चालल्या होत्या. ज्या उरल्या त्या म्हाताऱ्या, आणि म्हाताऱ्यांच्या दुखण्यांना काय तोटा?

बोलायला तुसडा माणूस. मालक बोट घेऊन यायचा, तिची दुखणी सांगायला लागायचा, हा त्यातलं एक ऐकायचा नाही. लाकडी हातोडी घेऊन बोटीभोवती फिरायचा, ठोकायचा, ऐकायचा. मधेच कुणी तोंड उघडलं की हातोडी त्याच्याकडं रोखायचा. सगळं झालं की एक तर म्हणायचा "होईल", नाहीतर म्हणायचा "सरपण". बस्स. त्या दुसऱ्या शब्दाला अख्खा काठ टरकून असे. छातीचे कोट असलेले गडी तो शब्द ऐकून उतारावर फतकल मारून बसलेले लोकांनी बघितले होते. ठोक्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. कुजकं ते कुजकं. त्याला रंग फासून पाण्यात सोडायचं आणि मग माणसं शोधत फिरायचं, असला धंदा त्यानं केला नाही.

त्या वर्षी बोटी पाण्याबाहेर काढायचे दिवस आले आणि अक्काची बोट शेडीत आली.

अक्का त्याची थोरली बहीण. लहानपणी एका तापात तिच्या पायांतली ताकद गेली ती गेलीच. जमिनीवर ती दोन काठ्यांची बाई. चढ आला की थांबायची, पायरी आली की बांधणाऱ्याच्या नावानं शिवी हासडायची. पोरवयात ती या उतारावरून ढुंगणावर सरकत सरकत पाण्याकडं जायची. त्यांच्या बापानं, अण्णांनी, ते काही दिवस बघितलं. बोलले काही नाहीत. लाकूड निवडायला लागले.

बोट बांधली ती तिच्याच मापाची. कडा ठेंगण्या, म्हणजे धक्क्यावरून नुसतं घसरलं की आत. शिडाची एकूण एक दोरी बसल्या जागी हाताशी. सुकाणूचा दांडा मांडीला टेकेल असा. बसण्यापुरती एक खोली, तिच्या छपरावर डोलकाठी. त्या बोटीत अक्का बसली की काठावरचे लोक हातातलं काम टाकून बघत. कोपऱ्यावरच्या दुकानात जायला जिला नवऱ्याचा दंड लागायचा, ती बाई खाडीच्या तोंडाशी, जिथं भरतीचं पाणी आणि वारा एकमेकांची गचांडी धरतात, तिथं एका हातात दोरी अन् एका हातात सुकाणू धरून गाणी म्हणायची. आवाज भसाडा, पण तिकडं ऐकायला होतंच कोण? केस पिकले तरी तिचं जाणं थांबलं नव्हतं. दुसरी कुठलीही बोट तिच्या कामाची नव्हती, दुसऱ्या बोटींना पाय लागायचे.

बोट टेकूंवर चढली. अक्का एका उलट्या खोक्यावर बसली, काठ्या मांडीवर आडव्या. शेजारी तिचा नवरा, दाजी. दाजी जन्मभर अग्निशमन दलात बंबावर होते. निवृत्त झाले तरी अंगातली कवायत गेली नव्हती. मिशी चोख, बूट चोख, आणि बोट तर अशी की तिच्या रंगात तोंड बघून दाढी करावी.

"काय होतंय हिला?" ठोक्यानं विचारलं.

"काही नाही रे," अक्का म्हणाली. "आतल्या कपाटाचं दार लागत नाही."

"ते मी रंधून दिलंय," दाजी म्हणाले. "दोनदा. तरी परत अडकतं. लाकूड फुगत असणार."

"आणि डोलकाठीच्या तारा ढिल्या पडतात. ह्यांनी आवळल्या की चार दिवस बऱ्या, मग परत ढिल्या."

"ढिली तार मला बघवत नाही," दाजी मिशीवरून बोट फिरवत म्हणाले. "पेच फिरवला की कशी सतारीसारखी वाजते. दर आठवड्याला फिरवतो मी."

ठोक्या हातोडी घ्यायला निघाला होता, तो तिथंच थांबला. "कधीपासून?"

"झाली असतील दोनतीन वर्षं."

"दोनतीन वर्षं तुम्ही पेच आवळताय?"

"मग? तार आहे, ताणून ढिली होणारच की."

"दाजी, तार वाढत नाही," ठोक्या म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. "डोलकाठी खाली चाललीय."

ठोक्याची बायको चहा ओतत होती, तिचा हात थांबला.

छपरावर डोलकाठी, छपराखाली खोलीत एक खांब, खांबाखाली तळाशी एक ठोकळा, आणि ठोकळा बसलेला बोटीच्या कण्यावर. डोलकाठीच्या तारा दोन्ही कडांना बांधलेल्या. तार आवळली की डोलकाठी खाली दाबली जाते. तळचं लाकूड जागेवर असेल तर ठीक. ते हरत असेल, तर दर आठवड्याला पेच फिरवणारा माणूस दर आठवड्याला डोलकाठीला खाली ढकलत असतो. छप्पर तिच्याबरोबर खचतं, चौकट वाकते, आणि माणूस बिचारा दार रंधत बसतो.

ठोक्या हातोडी घेऊन आत शिरला. आधी कडेच्या फळ्या वाजल्या, टण, टण, टण. मग फासळ्या, त्याही टण. मग आवाज मधे सरकला आणि खांबाच्या पायाशी आला, अन् तिथं आवाजच झाला नाही. भरल्या पोत्यावर कुणी थाप मारावी तसं नुसतं ढब. अक्कानं डोळे मिटले. ती सुताराचीच पोरगी होती, तिला सांगायला नको होतं.

"इकडं या," आतून ठोक्या म्हणाला.

दाजी गुडघ्यावर रांगत आत गेले. अक्कानं काठ्या टाकल्या, कडेवर पोट टाकलं आणि घसरून आत आली. तळाच्या फळ्या उचललेल्या होत्या. ठोकळा दिसत होता, लाल रंगाचा, तुकतुकीत, चार कोपरे नवे कोरे वाटावेत असे. ठोक्यानं अणकुचीदार टोचा त्यावर टेकवला आणि एका बोटानं दाबला. टोचा मुठीपर्यंत आत गेला. पावाच्या पोटात सुरी जाते तसा, आवाज न करता. काढला तर टोकाला तपकिरी भुगा, आणि जुन्या ओल्या घोंगडीसारखा वास.

त्यानं बोटानं रंगाची साल सोलली. साल अख्खी निघाली, केळ्याची निघावी तशी. आत लाकूड नव्हतं. लाकडाच्या आकाराचं काहीतरी होतं. चौकोनी भेगांचं, कोळशासारखं, चिमटीत धरलं की पीठ होणारं.

"मग इतके दिवस," दाजी म्हणाले, "इतके दिवस डोलकाठी उभी कशावर होती?"

"तुमच्या रंगावर," ठोक्या म्हणाला. त्यानं आयुष्यात ढिगानं कुजकं लाकूड बघितलं होतं, पण असं नाही. एवढी डोलकाठी, एवढं शीड, खाडीच्या तोंडाचा तो राक्षसी वारा, सगळा भार वर्षभर तरी या रंगाच्या साली आणि मूठभर भुग्यावर उतरत होता. का नाही मोडलं? त्यानं टॉर्च फिरवला. ठोकळा गेला तसा भार शेजारच्या फासळ्यांनी वाटून घेतला होता. एक फासळी बाहेर वाकली होती, दुसरी तिला रेलली होती, कडेच्या फळीनं दोघींना अडवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं. अण्णांनी बांधलेल्या बोटीला बरीच वर्षं तो नुसता लांबून बघत आला होता. चकाकतेय म्हणजे बरी आहे, असं त्यालाही वाटलं होतं.

"पण कुजली कशी?" अक्का म्हणाली. "समुद्राच्या पाण्यात तर कुजत नाही लाकूड."

"खाऱ्या पाण्यानं नाहीच कुजत. गोड्या पाण्यानं कुजतं." ठोक्यानं डोलकाठीच्या बुडाशी छपराला गेलेली केसासारखी भेग दाखवली. तिथून खांबावर एक काळा ओघळ थेट खाली उतरला होता. "वरून गोडं पाणी कोण ओततं?"

अक्कानं नवऱ्याकडं बघितलं. दाजी आपल्या बुटांकडं बघत होते. घरची नळी कवायतीत गुंडाळावी तशी गोल गुंडाळून, खांद्यावर टाकून, ते रोज धक्क्यावर यायचे. बोट परत आली की धक्क्यावरच्या नळाला नळी जोडून तिला गोड्या पाण्यानं वरून खालून धुवायचे. मीठ राहू द्यायचे नाहीत. मग वर जाड कापड, कडेनं दोरी, आत वारा म्हणून शिरू नये.

बाहेरून ठोक्याच्या बायकोचा आवाज आला. "दाजी, तुम्ही जन्मभर आगी विझवल्या, मान्य. पण बोट कुठं पेटली होती?"

अक्का हसली. दाजी हसले नाहीत. ते बाहेर गेले आणि उताराच्या कडेला पाठ करून उभे राहिले.

"आता खरं सांग," अक्का म्हणाली. "माझं तोंड बघून सांगू नकोस. सरपण असेल तर सरपण म्हण."

तो शब्द ठोक्याच्या जिभेवरच होता. दुसरी कुणाची बोट असती तर केव्हाच सुटला असता. ठोकळा बदलता येतो, फासळ्यांना कण्याशी जोडणारी आडवी लाकडं बदलता येतात, फासळ्यांचे पाय जोडता येतात. पण या सगळ्यांच्या खाली कणा. बोटीच्या पुढच्या नाळेपासून मागच्या शेपटापर्यंत एकच सलग लाकूड. कूज जर वरून त्याच्या पोटात उतरली असेल तर बोट संपली. कणा बदलायचा म्हणजे बोट नवी बांधायची, आणि ती बांधणारे अण्णा आता नव्हते.

"आत्ता नाही सांगता येत," तो म्हणाला. "उघडल्यावर कळेल."

"आणि तोवर मी काय करू?"

"तोवर इथं बस आणि चहा पी."

दुसऱ्या दिवसापासून अक्का शेडीत येऊन बसायला लागली. ठोक्यानं आधी डोलकाठी उतरवली, बोटीला बाहेरून चहूबाजूंनी टेकू दिले, पाचरी मारल्या, कडांना आडव्या पट्ट्या बांधल्या. लाकडी बोटीचं एक असतं. तिच्या पोटातलं काढलं की ती सैलावते, फासळ्या फाकतात, आणि आपण मूळ कशा होतो हे ती विसरते. एकदा विसरली की बापजन्मात आठवत नाही. म्हणून एका वेळी एकच लाकूड काढायचं. त्याच्या जागी तात्पुरतं दुसरं बसवायचं, मगच शेजारच्याला हात लावायचा. अण्णांनी हे त्याला कधी तोंडानं शिकवलं नव्हतं. एकदा त्यानं घाईत दोन फासळ्या एकदम काढल्या तेव्हा कानाखाली वाजवून शिकवलं होतं.

मग त्यानं लॉरीचा जॅक आणला. खोलीत, खचलेल्या छपराखाली, जाड तुळई आडवी धरून जॅक उभा केला. रोज सकाळी दांड्याला जरासा झटका. त्याहून जास्त नाही.

"अरे, लाव की जोर," दाजी म्हणाले. आगीत दारं फोडलेला माणूस, त्यांना हे बघवेना.

"दाजी, ती वर्षानुवर्षं खचत गेलीय. एका दिवसात वर ओढली तर फाटेल. तिला आपलं आपण आठवू दे."

आणि खरोखर, सकाळी झटका दिला की दुपारच्या उन्हात, सगळे जेवून सुस्तावलेले असताना, बोट आतून बोलायची. आधी कुरकुर, मग एक लांबलचक कण्हणं, मग कुठंतरी ठक्. लाकडानं आपली जुनी जागा धरली की तो ठक् यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा दाजी उठून उभे राहिले. शेडीत कुणीतरी चालत असल्यासारखं वाटत होतं. काही दिवसांनी छप्पर आपल्या मूळ कमानीवर आलं. कपाटाचं दार अक्कानं हातानं ढकललं तर ते मोकळं फिरलं, आणि वर बोटभर फट राहिली. दोनदा रंधलेलं ना.

"उंदरांची सोय झाली," अक्का म्हणाली. "ह्यांनी केलेलं काम वाया जात नाही."

दाजींनी या वेळी कबूल केल्यासारखी मान हलवली.

आता खांब निघाला, ठोकळा निघाला. निघाला म्हणजे काय, फावड्यानं भरून काढला. खालची दोन आडवी लाकडंही तशीच. कण्याचा माथा उघडा पडला. खांबाच्या बरोबर खाली त्यात वाटीसारखा खळगा होता, काळा, ओला. ठोक्या पोटावर झोपला आणि गोल पात्याच्या पटाशीनं खरवडायला लागला. एक टवका काळा. दुसरा काळा. तिसरा तपकिरी. वाटी खोल होत गेली. कोपरापर्यंत हात आत. शेजारी अक्का पालथी पडून बघत होती, दोघांची डोकी एकमेकांना लागत होती, लहानपणी विहिरीत डोकावताना लागायची तशी.

"अजून काळंच येतंय," ती म्हणाली.

"दिसतंय मला."

"खाली किती उरलंय?"

पटाशी बाजूला ठेवून तो बोटीच्या बाहेर आला, खाली वाकून कण्याच्या कुशीशी बसला. गिरमिट काढलं. वरची वाटी जिथं संपत होती त्याच्या खाली, बाहेरून आडवं भोक पाडायचं आणि येणारा भुसा बघायचा. भोक नंतर लाकडी खुंटीनं बुजवता येतं. भुसा खोटं बोलत नाही. कोरडा पांढरा आला तर लाकूड जिवंत. पीठ आलं तर मग त्या एका शब्दावाचून काही उरत नव्हतं.

दाजी त्याच्या मागं येऊन उभे राहिले. अक्का आत, वाटीत तोंड घालून. ठोक्याची बायको स्टोव्ह विझवून आली, आवाज नको म्हणून.

गिरमिट फिरलं. पहिल्यांदा रंग आला, लाल. मग काळपट ओला भुसा, पाण्यात राहिलेल्या लाकडाचा असतो तसा. मग पीठ. ठोक्यानं तळहातावर घेतलं, अंगठ्यानं चोळलं. तपकिरी पीठ. दाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. ठोक्यानं परत फिरवलं. परत पीठ. अक्काला आतून कळत होतं, कारण गिरमिट बिनआवाजी फिरत होतं. लोण्यात फिरावं तसं.

मग एकदम त्याच्या मनगटाला अडलं.

त्यानं जोर केला. लाकूड किंचाळलं. भोकातून एक लांब, फिकट पिवळी, कोरडी वळकटी बाहेर आली, रंध्यातून सोलून यावी तशी सलग. तिच्या मागून दुसरी आली, मग तिसरी. आणि वास. रानात झाड तोडल्यावर पहिल्या घावाला येतो तो चिकाचा कडसर वास. चौघांच्या नाकात एकदम शिरला.

हे झाड कधी पडलं होतं? अक्का पोर होती तेव्हा. त्याच्याआधी ते कित्येक पिढ्या उभं असणार. पडल्यावर कापलं, तासलं, पाण्याखाली टाकलं. त्यावर एका बाईचं आयुष्य गेलं, वरून डोलकाठीनं दाबलं, कुजीनं खाल्लं, आणि आत, तळहाताच्या रुंदीवर, ते अजून ताजं होतं. काल तोडल्यासारखं.

ठोक्यानं एक वळकटी उचलून आत दिली. अक्कानं ती नाकाशी धरली, मग दातांत धरून चावली.

"अगं, खातेस काय?"

"अण्णा चावायचे," ती म्हणाली. तोंड वळवलं. "होईल ना रे?"

"होईल," तो म्हणाला. तो शब्द त्यानं जन्मभर वापरला होता, पण त्या दिवशी तो जरा उशिरानं बाहेर आला.

दाजी तोवर गायब झाले होते. संध्याकाळी हातगाडीवर जाड्या मिठाची पोती घेऊन आले. "तू म्हणालास ना, खाऱ्यानं कुजत नाही? मग आता हिला मिठातच घालतो," म्हणाले. ठोक्या हसणार होता, पण ही गोष्ट खरंच जुनी होती, फासळ्यांच्या मधल्या खोबणींत मीठ भरून ठेवायची. लाकडाला वरून गोडं पाणी लागलं तरी ते खारंच होऊन खाली जातं. दाजींनी सगळ्या खोबणी स्वतः भरल्या, गुडघ्यावर बसून, चमच्यानं. लोणचं मुरवायला घालावं तसं. धुवायची नळी त्यांनी ठोक्याच्या बायकोच्या ताब्यात दिली. तिनं ती टोमॅटोच्या वाफ्याला लावली.

राहिलं मुख्य काम. वाटी चिरून ठोक्यानं दोन्ही बाजूंनी लांब तिरका उतार काढला, आणि त्यात बसेल असा नवा तुकडा घडवला. लाकूड असं निवडलं की त्याचे दोर, म्हणजे आतल्या रेषा, जुन्या कण्याच्या दोरांच्या दिशेनंच धावतील. मग दोन आडवी लाकडं नवी बसवली, मग ठोकळा. ठोकळ्याची बैठक कण्यावर सगळीकडून टेकली पाहिजे. एका ठिकाणी टेकली आणि दुसऱ्या ठिकाणी अधांतरी राहिली तर भार एकाच जागी जाणार आणि परत पहिले पाढे पंचावन्न. दिव्याच्या काचेवरची काजळी तेलात कालवून त्यानं कण्याला फासली, वर ठोकळा ठेवला, दाबला, उचलला. ठोकळ्याच्या बुडाला काळे ठिपके उठले. जिथं ठिपका तिथं लाकूड उंच. तेवढंच रंधायचं. परत ठेवायचा, परत उचलायचा. पहिल्या वेळी ठिपके मोजके होते. मग त्यांची बेटं झाली. मग बेटांना पाय फुटले आणि ती एकमेकांना मिळायला लागली. शेवटी एकदा ठोकळा उचलला तर बूड सगळं काळं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. ठोकळा खाली ठेवताना आतली हवा फस्सकन बाहेर पडली आणि परत उचलता उचलेना. नुसता ठेवलेला, ना खिळा ना डिंक, आणि तो सोडेना.

दाजींनी ओढून बघितला. मग आपल्या हाताकडं बघितलं. "मेव्हणे," ते म्हणाले, आणि ठोकळ्यावरून एकदा हात फिरवला.

बोट पाण्यात सोडली तेव्हा आधी ती गळली, कारण जमिनीवर फळ्या वाळून आकसल्या होत्या. तशीच पाण्यात ठेवली. पाणी पिऊन फळ्या फुगल्या, सांधे मिटले, गळती थांबली. डोलकाठी चढली. तारा आवळताना ठोक्यानं दाजींना जवळ उभं केलं. "पेच तुम्हीच फिरवा. आणि परत कधी ढिली वाटली तर फिरवायच्या आधी मला हाक मारा." दाजींनी पेच फिरवला. तार वाजली आणि वाजत राहिली.

मग एक दिवस वारा धरून आला. अक्का धक्क्यावरून घसरून आत बसली. काठ्या दाजींनी वर धरल्या. ठोक्या म्हणाला, "मी येतो. आत बसून बघतो, भार कसा घेतंय ते."

"ये. पण मधे बोलायचं नाही," अक्का म्हणाली.

तो खोलीत शिरला, तळाला पालथा झोपला आणि खांबाच्या पायाशी, नव्या ठोकळ्यावर, दोन्ही तळहात ठेवले. खाडीच्या आतल्या पाण्यात काहीच नव्हतं. नुसती फळीपलीकडून पाण्याची चुळबुळ. मग बोट खाडीच्या तोंडाशी आली. त्याला बाहेरचं काही दिसत नव्हतं. वर शीड फडफडलं, अक्कानं दोरी ओढली, आणि वारा भरला.

तो भार त्याच्या हातांखाली उतरला.

आधी हलका, घोड्यानं नुसतं अंग टेकवावं तसा. मग वाढत, वाढत, वाढतच गेला. आभाळातला सगळा वारा शिडात गोळा झाला, डोलकाठीतून खाली आला, खांबातून खाली आला आणि उशीएवढ्या या लाकडावर येऊन बसला. लाकूड हललं नाही. त्यानं तो घेतला आणि कण्याला दिला, कण्यानं आडव्या लाकडांना, त्यांनी फासळ्यांना, फासळ्यांनी फळ्यांना. ठोक्याच्या तळहातांना ते सगळं कळत होतं. एकीकडून दुसरीकडं, हातोहात, एकही लाकूड मागं न राहता. त्यानं एवढ्या बोटी दुरुस्त केल्या होत्या, पण त्यांच्या पोटात पडून कधी वारा घेतला नव्हता. त्याला वाटत होतं आपण लाकडं बसवतो. इथं आत काहीतरी जागं होतं आणि ते त्यानं बसवलं नव्हतं.

बोट कलली. मीठ खोबणीत सरकल्याचा बारीक आवाज आला. तो तसाच पडून होता, गाल फळीला लावून, तोंड उघडं.

"अरे ए ठोक्या!" वरून आरोळी आली. "आत काय झोपलास? वर ये!"

"का? काय झालं?"

"काय व्हायचंय? खाडीच्या बाहेर पडलोय आपण. वारा वाढलाय, बोट जास्त कलतेय. वर ये आणि वरच्या कडेवर बस, मला वजन पाहिजे."

तो रांगत बाहेर आला. समोर पाणीच पाणी, उंच, हिरवं, उजेडानं फुटलेलं. काठ मागं एवढासा. अक्काचे केस सुटले होते. एक पाय तिनं फळीला अडकवला होता, दुसरा कुठं होता याची तिला फिकीर नव्हती. ती पुढं बघत होती, भावाकडं नाही.

"अजून बाहेर सरक. ढुंगण कडेच्या बाहेर. हां. अजून."

ठोक्या सरकला. पाण्याचे शिंतोडे त्याच्या पाठीवर यायला लागले. अक्कानं दोरी आणखी एक हात ओढली, बोटीनं मान खाली घातली आणि पळायला लागली. तो तिथं गच्च धरून बसला, वजन म्हणून.